त्या बाजूला ब्रेक नाही

आदरणीय भाऊसाहेब,

साष्टांग नमस्कार असं लिहिणार होतो, पण कंबर सध्या आठांपैकी तीनच अंगांना परवानगी देते, तेव्हा तेवढ्यांचा स्वीकारावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? मागे भेटलो तेव्हा दोन्ही चढे होते. (गुडघा चढा नसतो, दुखरा असतो, हे मला कळतं, पण सहा वर्षांनी पत्र लिहिणारा माणूस कुठेतरी अडखळणारच.) सहा वर्षं का लिहिलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी गाडी मागे घेताना तुम्ही फाटकाजवळची कुंडी फोडलीत आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत "आरसा नुसता भांग पाडायला नसतो" असं बोलून गेलो. तुम्ही जेवताना माझ्याकडे पाठ करून बसलात. झाल्या गोष्टीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. (आरशाबद्दलचं म्हणणं तेवढं बरोबर होतं.)

तुम्ही सगळी नोकरी टपालखात्यात केलीत म्हणून फोन न करता पत्रच लिहितो आहे. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच "बरं" म्हणता आणि मग मला पुढचं सुचत नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुमची बहीण मजेत आहे, असं समजायला हरकत नसावी. माझं म्हणाल तर भूक कमी, पित्त जास्त, आणि उजव्या पायाची पोटरी दुखते, पण ते पुढे ओघात येईलच.

मी स्पोर्ट्स कार घेतली हे तुमच्या कानावर आलंच असेल. कुणी कसं सांगितलं असेल याचीही मला कल्पना आहे. "म्हातारपणी डोकं फिरलं" हे वाक्य माझ्या पाठीमागे इतक्या वेळा म्हटलं गेलंय की आता ते पाठीलाही पाठ झालं असेल. पण खरी हकीकत कुणालाच माहीत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो, याचा अर्थ एकतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसतो. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे आणि तोंडात तीन शब्द आहेत: आरसा, हळू, थांबा. हा धंदा वाईट नाही, पण तो अंगात मुरतो. टीव्हीवर गाडी वळणावर आली की माझा पाय जमिनीवर दाबला जातो. परवा दाढ काढताना डॉक्टरांनी पकड तोंडाजवळ आणली तर मी त्यांच्या खुर्चीची पाय टेकायची पट्टी मोडली. जेवताना टेबलाखाली तुमच्या बहिणीचे पाय मी किती वर्षं दाबत आलोय कोण जाणे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिचा त्याबाबत गोड गैरसमज होता, नंतर तिने पाय खुर्चीच्या आत घ्यायला सुरुवात केली.

तर झालं असं. गेल्या वर्षी एक शिंपीणबाई माझ्याकडे शिकत होत्या. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात, पण क्लच सोडताना डोळे मिटतात. सिग्नलला आम्ही थांबलो आणि शेजारी एक दोन सीटांची बुटकी, लांबुडकी गाडी येऊन उभी राहिली. आत माझ्याच वयाचा माणूस, माझ्यासारखंच टक्कल. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. दिवा हिरवा झाला, तो गेला. म्हणजे निघाला वगैरे नाही, एकदम नाहीसाच झाला. आमची गाडी बंद पडली, मागचे लोक आमच्या घराण्याची चौकशी करू लागले आणि आम्ही तिसऱ्या हिरव्याला कसाबसा चौक ओलांडला. तोपर्यंत मला असं वाटत होतं की मी गाड्या चालवत आलोय. त्या दिवशी लक्षात आलं की मी फक्त गाड्या थांबवत आलोय. हे लक्षात येणं फार वाईट असतं, भाऊसाहेब. बाईंना त्यांच्या दारात सोडलं आणि खिशावर माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेचं नाव शिवलेल्या त्याच शर्टात मी शोरूममध्ये गेलो. (पैशाचं विचारू नका. शाळेची जागा औषधाच्या दुकानाला देऊन टाकली आणि आता शाळा म्हणजे माझ्या पँटच्या खिशातला फोन.)

तिथल्या विक्रेत्याला मी मनातल्या मनात अभिनंदनराव म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. अभिनंदन सर, आपण बसा. अभिनंदन सर, या मॉडेलला प्रतीक्षा आहे. गाडी तयार मिळत नाही, आपण सांगितल्यावर कारखान्यात बनायला लागते, चार महिन्यांत येते, आणि हे चार महिने फार आनंदाचे असतात असं त्याचं म्हणणं. रंग निवडायला मी तुमच्या बहिणीला बरोबर नेलं. तिने नमुन्यांची पट्टी खिडकीपाशी धरली, चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं नंबर काढणाऱ्या माणसाच्या सवयीने एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि "गडद हिरवा" म्हणाली. मी राखाडी लिहिला. राखाडीवर धूळ दिसत नाही. ती काही बोलली नाही. (हे मी चांगलं लक्षण समजलो. माझ्या हातून झालेल्या चुकांमधली ही सगळ्यात लांब चाललेली.)

चार महिन्यांचे अकरा झाले. अभिनंदनराव दर पंधरवड्याला फोन करायचा. अभिनंदन सर, गाडीला क्रमांक मिळाला. अभिनंदन सर, सांगाडा जोडून झाला. मग अभिनंदन सर, रंगखात्यात संप आहे. मग सीटचं चामडं संपलं, मग चामडं आलं आणि शिवणारे गेले, मग गाडी जहाजावर चढली. ते जहाज फोनच्या नकाशावर दिसतं हे त्याने मला शिकवलं आणि तिथे माझा घात झाला. एक लहानसा बाण होता. तो एका बंदराबाहेर एकोणीस दिवस जागचा हलला नाही. मी उठल्या उठल्या त्याच्याकडे बघायचो, दात घासताना बघायचो, आणि एकदा शिकवताना बघत होतो तेव्हा शिंपीणबाईंनी गाडी एका चपलेच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. एकतीस वर्षांत प्रथमच माझा ब्रेक चुकला. दुकानदार सज्जन होता, त्याने फक्त माझ्या शर्टावरचं नाव मोठ्याने वाचलं.

गाडीला जागा हवी म्हणून मी घराशेजारची शेड रिकामी केली. तिथे तुमच्या बहिणीचं टेबल होतं, तुम्ही ते पाहिलं असेल. लोक जुने चष्मे दुकानात टाकून जातात, ती ते घरी आणते, काड्या बसवते, काचा घासते आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी वृद्धाश्रमात नेऊन ज्याला जो लागेल तो देते. हे ती सतरा वर्षं करते आहे. मी ते टेबल, तो दिवा आणि चष्म्यांचे चौदा खोके मागच्या गच्चीवर नेऊन ठेवले, वर प्लास्टिक टाकलं आणि संध्याकाळी ती आल्यावर तिला रिकामी शेड दाखवली. गाडी आत घेतल्यावर दोन्ही बाजूंना किती जागा उरेल ते खडूने आखून ठेवलं होतं. ती त्या खडूच्या रेषांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग आत गेली. दोन दिवसांनी वारा सुटला, प्लास्टिक उडालं आणि वरचे तीन खोके भिजले. त्यांतले चष्मे तिने स्वयंपाकघरात उन्हाच्या कडेला वाळत मांडले, सगळे माझ्याकडे तोंड करून. नाश्ता करताना साठ-सत्तर चष्मे माझ्याकडे बघत असायचे.

त्याच सुमारास ती आठवड्यातून दोनदा घरी उशिरा येऊ लागली. दुकानात मोजणी चालू आहे, म्हणाली. मी जहाज बघत होतो, मी खोलात गेलो नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती तुम्हाला तिच्या बाजूने माहीत असणार. सव्वीस वर्षांपूर्वी मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. शाळेमागचं रिकामं मैदान, सकाळची वेळ, समोर माणूस नाही, कुत्रं नाही. अकरा मिनिटं शिकवणी चालली आणि तेवढ्यात मी बहुधा चाळीस वेळा ब्रेक दाबला. शेवटी तिने चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली, खाली उतरली आणि चालत घरी गेली. मी मागून हळूहळू गाडी आणली. घरी आल्यावर मी तिची समजूत काढली. म्हणालो, तुझा दोष नाही, तुला अंतराचा अंदाजच नाही. (जी बाई दिवसभर लोकांना सहा मीटरवरची अक्षरं वाचायला लावते तिला मी हे म्हणालो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं आहे.)

तर गाडी आली. अभिनंदनरावाने तिच्यावर रेशमी कापड घातलं होतं, चार माणसं टाळ्या वाजवायला उभी केली होती. कापड ओढलं आणि खाली गडद हिरवी गाडी. मी म्हटलं, ही माझी नव्हे. तो म्हणाला, अभिनंदन सर, मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात फोन करून रंग बदलला, त्या तर दर आठवड्याला फोन करत होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती गाडीकडे बघत होती. खोटं कशाला सांगू, ती गाडी हिरव्यातच शोभत होती.

मी चाकामागे बसलो, ती शेजारी. सीट इतकी खाली की वाटलं रस्त्यावरच बसलोय. फाटकातून निघालो, एक सायकलवाला दिसला, ब्रेक दाबला. पुढे निघालो, एक कबुतर दिसलं, दाबला. मोठ्या चौकातल्या सर्कलपाशी आलो आणि थांबलो. उजवीकडून गाड्या येत होत्या. पोकळी सापडली की आत शिरायचं, हे मी हजारो लोकांना शिकवलं आहे. पोकळ्या येत होत्या आणि जात होत्या. त्या प्रत्येकीत मला एकेक अपघात स्पष्ट दिसत होता, जखमींच्या कपड्यांच्या रंगासकट. क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. मग परत पडली. मागे रांग लागली. वाहतुकीचा हवालदार आला, वाकून बघितलं, तर माझाच जुना विद्यार्थी.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच सांगायचात ना, चौकात वाट बघायची, मुक्काम करायचा नाही."

तुमच्या बहिणीने पर्स उघडली, एक पक्कं लायसन काढून हवालदाराला दाखवलं आणि मला म्हणाली, "उतरा. या बाजूला या."

मी उतरलो. भर चौकात, बावीस गाड्यांचे हॉर्न वाजत असताना, आम्ही जागा बदलल्या. ती आत शिरली त्या सर्कलमध्ये, भाऊसाहेब, एखादीने बोलता बोलता स्वेटरचा टाका घालावा तशी. रस्ता मोकळा झाल्यावर तिने दुसऱ्या गिअरचा तिसरा, तिसऱ्याचा चौथा केला. कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. मी विचारलं, कुणाकडे शिकलीस? तिने नाव सांगितलं तेव्हा मला उतरून जावंसं वाटलं. आमच्या समोरच्या फुटपाथवर एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याचा मालक शेजारच्या सीटवर बसतो आणि झोपतो, अक्षरशः घोरतो. त्याचे विद्यार्थी पहिल्या परीक्षेत पास होतात, हे मी आजवर लाचखोरीत जमा धरत होतो.

"तो माणूस झोपतो," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "फार विश्वासाने झोपतात."

त्यानंतर मी बराच वेळ गप्प बसलो असं मला सांगायला आवडलं असतं. पण माझ्या तोंडातून आरसा, हळू, थांबा हे आपोआप बाहेर पडत राहिलं आणि मी उजवा पाय जमिनीवर दाबत राहिलो. (पोटरी त्यापायी दुखते.) एकदा तिने गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, त्या बाजूला ब्रेक नाही. पाय पोटाशी घ्या." मी घेतले. गुडघे हनुवटीशी घेऊन घरापर्यंत बसून आलो. लहान मुलाला गाडीतून आणावं तसा.

घरी आल्यावर तिने शेडपुढे वळण घेतलं आणि एका दमात गाडी मागे घेऊन माझ्या खडूच्या रेषांमध्ये उभी केली. इंजिन बंद केलं. हात चाकावरच ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली. मला वाटतं ती कशाची तरी वाट बघत होती. मी उतरलो, मागे गेलो, वाकून पाहिलं आणि म्हणालो, "मागचं चाक चार बोटं तिरकं आहे."

ते तिरकं होतं, भाऊसाहेब. मी नंतर मोजलंसुद्धा. पण सव्वीस वर्षं, अकरा महिने आणि तो सगळा चौक पार करून ती तिथवर आली होती आणि मला तेवढंच दिसलं. ती उतरली. चावी खुंटीवर न लावता पर्समध्ये टाकली आणि आत जाऊन भाजी चिरायला बसली.

अशी ही हकीकत. गाडी उत्तम आहे. पळते छान असं ऐकतो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद, आणि त्या जागी नवी कुंडी ठेवली असल्यास तीही सुखरूप असो.

आपला,
(शब्द जपून वापरायला हवा असं आता वाटतं, तरीही) आपलाच,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. गाडीची डिकी नावालाच आहे. तिच्यात एक लहान बॅग मावते. मोठी निळी बॅग मावत नाही, ती शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवावी लागते. हे तुम्हाला उगीच कळवून ठेवतो.

दुसरं ता. क. पत्र पुन्हा वाचलं. निम्मं खरं आहे आणि निम्म्यात मी दडवादडवी केली आहे. मोठी निळी बॅग घरात नाही. गाडीही नाही. तिला जाऊन नऊ दिवस झाले. चहाच्या डब्याखाली चिठ्ठी होती, "गाडी घेऊन जाते आहे", पुढे पूर्णविराम. कुठे ते नाही, किती दिवस ते नाही. फोन करतो तर म्हणते, "चालवते आहे, बोलता येत नाही", आणि ठेवते. चालवताना फोनवर बोलू नये हे मीच सगळ्या गावाला शिकवलंय, मी काय बोलणार? दुकानातून तिने महिन्याची रजा घेतली आहे. मी गच्चीवरचं टेबल, दिवा आणि खोके परत शेडमध्ये लावले. कुठला खोका कुठे होता ते आठवेना, तेव्हा जमतील तसे लावले. खडूच्या रेषा पुसल्या. आता शेडच्या दारात उभा राहिलो की काय करावं ते सुचत नाही. ती तुमच्याकडे आली आहे का, एवढंच विचारायला हे सगळं लिहिलं. आली असेल तर मी विचारलं असं सांगू नका. नसेल आली तर मात्र लगेच कळवा. मला सर्कलमधले ते अपघात पुन्हा दिसायला लागले आहेत.

तिसरं ता. क. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, ते आता वाफेवर उघडलं आहे. आजच्या टपालाने वाहतूक खात्याची नोटीस आली. गाडी माझ्या नावावर आहे म्हणून मला आली. ऐंशीची मर्यादा असलेल्या महामार्गावर एकशे बारा. सोबत कॅमेऱ्याने काढलेला फोटो आहे, मागच्या शुक्रवारचा. चाकामागे तुमची बहीण आहे. शेजारी तुम्ही आहात, भाऊसाहेब. निळी बॅग तुमच्या मांडीवर आहे आणि तुमचं तोंड उघडं आहे. ओरडताय की गाताय ते सांगता येत नाही. म्हणजे ती पोचली.

आता विनंती. तिला परतायचं असेल तेव्हा, घाई अजिबात नाही, मला आदल्या दिवशी कळवा. मी बसने तुमच्याकडे येईन. येताना तिच्या शेजारची सीट तुम्ही मोकळी करावी. तिने नको म्हटलं तर मी बसनेच परत येईन, तिच्या मागून. दंड भरायला मी मघाशी कचेरीत जाऊन आलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकशे बारा हा आकडा बघून माझ्याकडे वर पाहिलं, माझ्या शर्टावरचं नाव वाचलं आणि पावतीवर शिक्का मारला. फोटोत ती हसते आहे. असं हसताना मी तिला पूर्वी कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, पण त्या वेळी मी रस्त्याकडे बघत असणार. दंड भरल्यावर हा फोटो परत द्यावा लागतो का, एवढं मी त्या बाईंना विचारलं. द्यावा लागत नाही.